पाठमोरा कप्तान

३ फेब्रुवारी

किटली गेली!

साम्राज्यं बुडाली, ग्रंथालयं जळाली, त्याच ओळीत आजची तारीख लिहून ठेवते. स्टुडिओतली आमची दांडी मोडलेली, पोचे आलेली, तळाशी क्षाराचा थर जमलेली किटली नव्या मालकांनी काढून टाकली. तिच्या जागी एक यंत्र. पिवळं. त्याला डोळे आहेत! कप खाली ठेवला की डोळे मिचकावतं आणि लहान पोराच्या आवाजात म्हणतं — "चला, आज काहीतरी भारी करूया!"

मी बावन्न वर्षांची बाई. मला चहा हवा होता, मित्र नको होता.

"काय लेखिकाबाई, यंत्राशीही भांडलीस?" नाना मागून.

"त्यानं सुरुवात केली," मी म्हटलं.

चहा पाणचट होता. प्यायले. निषेध म्हणून कप धुतला नाही.

४ फेब्रुवारी

किटली हे निमित्त. खरा राग 'टिटवी' विकली गेल्याचा.

अकरा वर्षं मी या परभाषेतल्या मालिकेचे संवाद आपल्या भाषेत लिहितेय. अंतराळातलं एक भंगार मालवाहू जहाज आणि त्यावरची थकलेली माणसं. मूळ नाव कुठल्याशा समुद्रपक्ष्याचं. 'टिटवी' हे माझं बारसं. या मालिकेत मेलेला माणूस मेलेलाच राहतो. शत्रूचेही गुडघे दुखतात. बाकीच्यांच्या अंतराळात रंगीबेरंगी स्फोट होतात. आमच्याकडे स्फोटानंतर लादी पुसणारा माणूस दाखवतात, आणि तो पुसता पुसता रडत नाही, शिव्या देतो. मोठ्या माणसांसाठी मोठ्या माणसांनी केलेली एकच गोष्ट उरली होती.

आणि ती घेतली कुणी? फुगे, खेळणी आणि सरबताच्या बाटल्यांवरचे हसरे प्राणी विकणाऱ्या कंपनीनं! यांनी हात लावला की वर्षभरात त्या वस्तूला शेपूट फुटतं, मोठे डोळे येतात, आणि ती मैत्रीचं महत्त्व सांगू लागते.

नवरा म्हणाला, "अगं, मालिका आहे ती. माहेर नाही तुझं."

माहेरही विकलं गेलं तेव्हा एवढं लागलं नव्हतं.

७ फेब्रुवारी

कंपनीनं आमच्यावर एक अधिकारी नेमलाय. तिशीतला. इस्त्रीचा सदरा, इस्त्रीचं हसू, बोलणं असं की माशी बसली तर घसरून पडेल. मी त्याचं नाव गुळगुळीत ठेवलं. दुपारपर्यंत सगळा स्टुडिओ त्याला गुळगुळीत म्हणू लागला. तोही बहुतेक ऐकून आहे. हसतो!

त्यानं भाषण केलं — "टिटवीचा आत्मा आम्ही जपणार." ज्याला आत्मा काढायचा असतो तोच हे आधी सांगतो.

नंतर नानांशी पैज लागली. नाना म्हणजे पडद्यावरच्या कप्तानाचा आपल्या भाषेतला आवाज. जन्मभर पोरांना गणित शिकवलं, साठीत माइकसमोर उभे राहिले. खरखरीत, जड आवाज — लोखंडी फाटक सावकाश उघडावं तसा.

"लिहिणारी माणसं तीच आहेत. राहील मालिका तशीच," नाना म्हणाले.

"या नव्या पर्वातच बोलणारं पिल्लू येईल जहाजावर. लिहून देते."

"लाव पैज."

मी जिंकले तर नानांनी कंपनीची कानवाली टोपी घालून दिवसभर काम करायचं. आणि ते जिंकले तर?

"तर तू माझ्या शेजारी बसून एक अख्खा भाग बघायचास. तोंड न उघडता. एक शब्द नाही. उसासासुद्धा नाही."

आमचा ध्वनिमुद्रक — त्याला आम्ही कानसेन म्हणतो — खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. "नाना, टोपी परवडली! बाईंचा जीव जाईल."

हात मिळवला. नानांचा हात गार होता. गळ्याभोवती मफलर. खोकला काही हटत नाही म्हणाले.

१९ फेब्रुवारी

नव्या पर्वाचे भाग आले. सोबत कंपनीच्या सूचना. मी सूचना आधी उघडल्या, चष्मा पुसून, पाणी पिऊन, लढाईच्या तयारीनं. शिव्या कापा म्हणतील, रक्त झाका म्हणतील. उत्तरंही मनात तयार होती, एकेक अशी की गुळगुळीतला चार दिवस जेवण गेलं नसतं.

सूचना : शिव्या मूळ तीव्रतेच्याच ठेवाव्यात.

संताप झाला! भांडायला आलेल्या माणसाच्या पुढ्यात कुणी पाट मांडतं का?

५ मार्च

पिल्लू नाही. शेपूट नाही. दबा धरून बसलेत.

१४ मार्च

शेवटचा भाग पाहिला. मिस्त्रीण मरते.

पहिल्या भागापासूनची मिस्त्रीण. जहाजाचं इंजिन जिनं थुंकी लावून चालवलं म्हणा ना. कप्तानाशी रोज भांडायची, आणि दोघांचं काय होतं ते अकरा वर्षांत एकदाही शब्दांत आलं नाही. मरते तेही पडद्याबाहेर. निरोप येतो, कप्तान तिच्या खोलीत जातो, रिकाम्या बिछान्यासमोर उभा राहतो. आपल्याला फक्त पाठ दिसते. अर्धा मिनिट. संगीत नाही, संवाद नाही. मग तो दिवा मालवतो. संपलं.

मी ढसाढसा रडले. माझं काम परक्या ओठांवर आपले शब्द बसवायचं; तिथे बसवायला ओठच नव्हते. इतकं सुंदर काही मी कधीच लिहिलं नाही, असं वाटलं.

(ओठ वाचायची खोड हॉटेलातही सुटत नाही. पलीकडच्या टेबलावरची भांडणं मला आवाजाशिवाय कळतात. नवरा माझ्यासमोर फोनवर बोलताना तोंडावर हात धरतो.)

२१ मार्च

आलं! आलं शेवटी!

सूचना, जशीच्या तशी : "अखेरच्या प्रसंगात, बिछान्यासमोर, कप्तानासाठी एक छोटं वाक्य लिहावं. पाठ असल्यानं ओठ जुळवण्याची अडचण नाही."

अडचण नाही! प्रेतावर फुगा बांधायलाही अडचण नसते! दोरा असला की झालं! शांतता यांना सहन होत नाही. अर्धा मिनिट कुणी बोललं नाही तर प्रेक्षक सरबत प्यायला उठेल ना! म्हणून कप्तानानं बिछान्याकडे बघून सांगावं — "तू सदैव माझ्या हृदयात राहशील." आणि बिछान्याखालून पिल्लू निघावं!

अक्षर बघ कसं आलंय.

२४ मार्च

गुळगुळीतच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही.

म्हटलं, "हे वाक्य कुणाच्या सुपीक डोक्यातून आलं?"

"मॅडम, ती सूचना तशी आमची नाही, म्हणजे..."

"म्हणजे वरून आली. तुमच्याकडे सगळं वरूनच पडतं. पावसासारखं."

"वरून नाही. मला सांगता येणार नाही, पण एकदा ऐकून..."

"ऐकून काय घ्यायचं? अकरा वर्षांत कप्तान जे बोलला नाही ते तुमच्या सरबतवाल्यांसाठी बोलेल? तुम्ही बाहुल्या विका. त्यात अपमान नाही. पण मेलेल्या बाईच्या खोलीत पाय ठेवताना निदान जोडे काढा!"

तो लाल झाला. टेबलावरचा कागद सरळ केला. मग म्हणाला, "मी कळवतो."

काय पण कणा! बाहेर आले तर तीनजणांनी हळूच हात मिळवला. खूप बरं वाटलं. चहाच्या यंत्रानं डोळा मारला, तरीसुद्धा.

२६ मार्च

नाना आज जिन्यात भेटले. पायरीवर बसले होते, दम लागला म्हणून. पूर्वी पायऱ्या मोजत चढायचे, मास्तर माणूस.

"समज," म्हणाले, "घातलंच एक वाक्य. काय घालशील?"

"मेले तरी घालणार नाही."

"अगं, समज म्हणतोय. लहानसं. मला झेपेल असं."

"नाना, तुम्हीसुद्धा? त्यांच्याकडून बोलताय की काय? त्या शांततेत एक शब्द घातला तर तो कप्तान नाही, बाजारबुणगा!"

नाना हसले. हसता हसता खोकले. "बरोबर आहे तुझं," म्हणाले. "चल, हात दे, उठव."

एवढा शहाणा माणूस, पण कंपनीची हवा लागतेच.

२ एप्रिल

जिंकले! गुळगुळीतचा निरोप : सूचना मागे घेतली आहे, प्रसंग मूळ स्वरूपातच राहील.

घरी येऊन नवऱ्याला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं पेपर वर धरला.

९ एप्रिल

शेवटच्या भागाचं ध्वनिमुद्रण. नानांचा आवाज बसलेला. वाक्यागणिक कोमट पाणी. पण कप्तानही या भागात थकलेलाच, त्यामुळे इतकं चपखल बसलं की मी काचेअलीकडून टाळ्या वाजवल्या.

कप्तानाचं शेवटचं वाक्य मिस्त्रिणीच्या मरणाचा निरोप येण्याआधीचं — "दोन नंबरचा पंप बघून घ्या." नानांनी ते पुन्हा पुन्हा म्हटलं. कानसेन म्हणाला, पहिलंच उत्तम होतं. तरी म्हणाले, "अजून एकदा घे रे."

मग तो अर्धा मिनिट. तिथे नुसता श्वास हवा होता. नानांनी काचेकडे पाठ केली. पडद्यावरचा कप्तान पाठमोरा, हेही पाठमोरे! म्हटलं, याला म्हणतात भूमिकेत शिरणं. श्वास असा दिला की अंगावर काटा आला. नाना मात्र दिवा विझल्यावरही बराच वेळ वळले नाहीत.

"नाना, पैज तुम्ही जिंकलात हं! टिटवी शाबूत आहे," मी ओरडले.

त्यांनी हात वर केला. नुसता हात.

२२ एप्रिल

नाना फोन उचलत नाहीत. गावाला गेले असतील लेकीकडे. सांगायचं तरी!

२० मे

आज कानसेननं सांगितलं.

जुनी ध्वनिमुद्रणं लावत बसला होता. मी नेहमीसारखी बडबडत गेले — नाना कुठे उलथलेत, पैजेचं काय, गुळगुळीतची कशी जिरवली. तो यंत्र बंद करून म्हणाला, "बाई, जरा गप्प बसा."

असं तो कधी बोलत नाही.

नानांच्या गळ्यात गाठ होती. ऑपरेशनला मुद्रणानंतरची तारीख दिली होती डॉक्टरांनी. स्वरयंत्र काढलं. आता आवाज नाही. नाहीच.

ती सूचना नानांची होती. स्वतः गेले होते गुळगुळीतकडे — शेवटच्या भागात पंपाच्या पुढे काही नाही, एक वाक्य मिळालं तर बरं. आणि शपथ घातली की माझ्या कानावर जाऊ द्यायचं नाही. "तिला कळलं तर ती दयेनं लिहील. दयेचं वाक्य वाईट असतं."

"मग मागे कुणी घेतली?" मी विचारलं.

"नानांनीच. म्हणाले, तिचं बरोबर आहे. तिथे शांतताच हवी."

तरीही त्यांनी पंपाचं वाक्य पुन्हा पुन्हा घेतलं!

आणि तो गुळगुळीत. एवढं ऐकून घेतलं त्या पोरानं. एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं.

२१ मे

गुळगुळीतच्या दारावर टकटक केली. आत बोलावलं. म्हटलं, "चहा घेणार?"

यंत्रापाशी दोघं उभे राहिलो. त्यानं डोळे मिचकावले — यंत्रानं. चहा अजूनही पाणचटच आहे. मी तसं बोलले नाही. मग तोच म्हणाला, "मॅडम, किटली कोठीत ठेवलीय. टाकलेली नाही."

घरी येऊन त्या अर्ध्या मिनिटासाठी वाक्य लिहायला बसले. दहा-बारा लिहिली असतील. सगळ्यांतून दया गळत होती. फाडली. म्हातारा बरोबर होता. मीही बरोबर होते, तिथे शांतताच हवी, आजही भांडेन त्यासाठी. याचाच जास्त राग येतोय. आणि तो काढायला समोर कुणी नाही!

३० मे

नानांच्या घरी शेवटचा भाग पाहिला. शेजारी बसून. दारातच मी ओठांवर बोट ठेवून दाखवलं, पैज आठवते म्हणून. गळ्याला पांढरी पट्टी. लेकीनं दोन खुर्च्या मांडल्या आणि ती आत गेली.

पंपाचं वाक्य आलं तेव्हा हसले. त्यांचं हसणं आता नुसतं खांद्यांत.

मग रिकामा बिछाना. कप्तान पाठमोरा. नाना मात्र या वेळी खुर्ची वळवून माझ्याकडे तोंड करून बसले, आणि त्यांचे ओठ हलले. एकच वाक्य. लहानसं.

मला वाचता आलं. माझ्या सगळ्या वाक्यांपेक्षा चांगलं होतं. इथे लिहिणार नाही.

दिवा मालवला. नावं येऊन गेली. मी तोंड उघडलं नाही.