कॉलरमधला पुठ्ठा

२ मार्च, रविवार. सकाळी ८.
आजपासून मी नुसता फ्रेमवाला नाही. लिहूनच ठेवतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही. बावीस वर्षं लोकांची चित्रं सजवली, स्वतःच्या अंगाकडे कधी बघितलं? माणूस म्हणजे चित्र, कपडे म्हणजे फ्रेम. हा विचार माझ्याआधी कोणाला सुचलेला नाही. मुलगी म्हणाली, सुचला असेल बाबा, पण त्यांनी आवरला असेल. कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे आणि आत्तापासून घरात उलटतपासण्या सुरू. तिच्याशी अबोला. (दुपारच्या चहापर्यंत.)

हिच्या (बायकोच्या) चित्रकलेच्या क्लासचं प्रदर्शन तेवीस तारखेला. हिचंही एक चित्र लागणार, आयुष्यातलं पहिलं. फ्रेम अर्थात मीच करणार. घरचं काम, अर्ध्या तासाचं. खरा प्रश्न वेगळाच आहे. तिथे कलाक्षेत्रातली माणसं येणार. मी काय घालायचं?

४ मार्च, मंगळवार.
हिने चित्र दुकानात आणून दिलं. जलरंग. मागच्या गॅलरीतली दोरी आणि तिच्यावर वाळत घातलेले माझे तीन शर्ट. बघून डोक्यात तिडीक गेली. माझा वांगी रंगाचा शर्ट चक्क जांभळा! मोहरीच्या रंगाचा तर ओळखूच येत नाही. शिवाय शर्ट रिकामे. विचारलं, आत मी का नाही? म्हणाली, तुम्ही आत असलात की शर्ट बघायला उसंतच मिळत नाही, तुमचं ऐकावं लागतं.

याला काय अर्थ आहे? चित्र गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलं. उद्या करतो.

समोरचा आजही त्याच राखाडी टी-शर्टात. रस्त्यापलीकडे त्याचंही फ्रेमचंच दुकान. नऊ वर्षांत या माणसाला दुसऱ्या रंगात पाहिलेला नाही. असला माणूस लोकांच्या चित्रांना रंग निवडून देतो, आणि लोक खुशाल देऊ देतात!

७ मार्च, शुक्रवार.
जॅकेटचं डिझाइन पक्कं. गडद हिरवं कापड. कडेने चार बोटं रुंद सोनेरी पट्टी, ती फ्रेम. तिच्या आत पांढरी पट्टी, ती माउंट, म्हणजे चित्र आणि फ्रेम यांच्यामधला कोरा पुठ्ठा. त्याने चित्राला मोकळी जागा मिळते. आणि मधोमध मी.

टेलरला तासभर समजावलं. सगळं ऐकून म्हणाला, बँडवाल्यांचं मी हल्ली शिवत नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, तू कात्री चालव, डोकं मी चालवतो.

हिने विचारलं, चित्राचं काय झालं? म्हटलं, होतंय.

११ मार्च, मंगळवार.
पहिली ट्रायल. कॉलर मान टाकते! टेलर म्हणतो बकरम घातलंय, याहून कडक शर्टाला लागत नाही. अरे, पण हा शर्ट आहे का? भर दुकानात त्याच्यावर आवाज चढवला. एक बाई माप न देताच निघून गेल्या. त्याचाही दोष त्याने माझ्यावर ढकलला.

घरी येताना उपाय सुचला. दोन मिलिमीटरचा माउंटचा पुठ्ठा. बावीस वर्षं ज्याने लोकांची वेडीवाकडी चित्रं सरळ ठेवली, तो एक कॉलर सरळ ठेवणार नाही? टेलर म्हणाला, मग धुणार कसं? म्हटलं, कलाकृती धूत नाहीत.

१४ मार्च, शुक्रवार.
दिवसभर पुठ्ठा कापला. कॉलर, कफ, छातीवरच्या पट्ट्या. कोपरे बरोबर पंचेचाळीस अंशात. दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. दोघंही समोर गेले. जाऊ देत. अशांना राखाडीच शोभतं.

हिच्या चित्रासाठी काढून ठेवलेला चांगला पुठ्ठा कॉलरमध्ये गेला. दुसरा मागवतो.

हिने पुन्हा विचारलं. म्हटलं, घाईत केलेल्या फ्रेमचे जोड उघडतात. बरं, म्हणाली. हिचं हे बरं मला मुळीच आवडत नाही.

१६ मार्च, रविवार.
जॅकेट आलं. आरशात समोरून अप्रतिम. मान मात्र वळत नाही, आणि खालीही जात नाही. मुलीने डावीकडून हाक मारली, तर सगळाच्या सगळा वळलो. त्यात टेबलावरचा जग गेला. एवढीशी मधली खोली, त्यात जग टेबलाच्या कडेला ठेवतंच कोण? मुलगी म्हणते, तिथे चित्रं कशी बघणार? चित्रं काय मागे टांगतात? समोरच असतात.

उद्यापासून रोज एक तास घालून सराव.

१९ मार्च, बुधवार.
सराव झाला नाही. मान अवघडली आहे. ही तीन दिवस चित्राबद्दल अवाक्षर बोललेली नाही. उशिरा का होईना, शहाणपण आलं.

२१ मार्च, शुक्रवार.
आज फ्रेम करायचीच म्हणून स्टुलावर चढलो. फळी रिकामी! अख्खं दुकान उलथंपालथं केलं. एक काच फुटली. घरी फोन करून ओरडलो. ही शांतपणे म्हणाली, मी नेलं, सोमवारी. म्हटलं, मला न विचारता? म्हणाली, विचारलं होतं, सात वेळा.

म्हणजे मोजत बसली होती! इकडे मी हिच्याच कार्यक्रमासाठी मान अवघडून घेतोय, आणि ही मोजतेय.

नेलं तर नेलं. लाव म्हणावं बिनफ्रेमचं. लोक विचारतील, नवरा फ्रेमवाला ना तुमचा? तेव्हा कळेल माझी किंमत. मग मी माफ करीन.

२३ मार्च, रविवार. दुपारी ४.
तयार. खाली वाकता येत नसल्यामुळे बूट मुलीने घालून दिले. ही केव्हाच पुढे गेली. साधी पांढरी साडी! आजच्या दिवशी!

२४ मार्च, सोमवार. सकाळी ७.
काल दारातच सगळ्यांच्या नजरा माझ्यावर खिळल्या. एका गृहस्थाने माझ्या हातात उन्हाची छत्री दिली आणि टोकन मागितलं. छत्री तिथेच भिंतीला टेकवून पुढे गेलो.

शेवटच्या भिंतीपाशी गर्दी होती. तिथे हिचं चित्र. फ्रेममध्ये!

बोटभर रुंदीची लाकडी पट्टी, पॉलिशसुद्धा नाही. माउंट पांढराही नाही आणि पिवळाही नाही. दहा मिनिटं मी चूक शोधत होतो. जोडात नख शिरत नव्हतं. काचेखाली धुळीचा कण नाही. आणि मुख्य म्हणजे तो शर्ट जांभळा नव्हताच. त्या माउंटशेजारी तो सरळ वांगी दिसत होता. मोहरीचाही मोहरीचा. म्हणजे हिने रंग बरोबर लावले होते आणि मला ते दिसले नव्हते. माझे शर्ट इतके देखणे आहेत हे मला माहीतच नव्हतं.

क्लासच्या बाई शेजारी येऊन म्हणाल्या, फ्रेम तुमचीच ना? काय सुरेख केलीत हो!

मी हो म्हणालो. का म्हणालो ते माहीत नाही. तोंडातून गेलं.

डावीकडे कोणीतरी खोकलं. मी सगळाच्या सगळा वळलो. ही उभी होती, आणि हिच्या शेजारी समोरचा. राखाडी टी-शर्ट. बाईंना म्हणाला, यांचंच काम, हात लगेच ओळखू येतो. आणि पाणी प्यायला निघून गेला.

भांडला असता तर मी त्याला तिथेच सरळ केला असता. भांडतच नाही म्हटल्यावर माणसाने काय करायचं? रात्रभर संताप संताप झाला. त्याचा, टेलरचा, त्या छत्रीवाल्याचा. ही घरी येईपर्यंत एवढंच म्हणाली, चित्र लागलं, बरं झालं. मी सॉरी म्हणणार होतो. पण ही झोपली.

मानेची दोन्हीकडून सालटं निघाली आहेत.

२४ मार्च, सोमवार. दुपारी १.
ठरवलं. हिच्या पुढच्या चित्राची फ्रेम मी करणार. चित्र हातात येईल त्याच दिवशी, सगळी कामं बाजूला सारून. हिला तसं सांगायचं राहिलं, पण आज दुपारी नवं चित्र फ्रेमला द्यायचंय असं मुलीला सांगताना ऐकलं होतं. सकाळीच चांगला पुठ्ठा आणला. टेबल रिकामं करून पुसलं. पट्ट्यांचे नमुने मांडून ठेवले, सगळे बारीक, बिनपॉलिशचे.

सव्वाबाराला ही कोपऱ्यावर दिसली. काखेत गुंडाळी. माझ्याच बाजूच्या फुटपाथने येत होती. मी दारात जाऊन उभा राहिलो. दुकानापाशी आली, हसली, हात केला. मीही केला. मग दोन्हीकडे नीट बघून तिने रस्ता ओलांडला.

पाऊण तास झाला. अजून आतच आहे.