लपणात आई काय बोलली

लेहतोवारा,
१९ ऑगस्ट २००८

प्रिय अग्नेता,

मावशीचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. इथं सगळं ठीक आहे. पाऊस बेताचा, बटाटे बरे, माझा गुडघा होता तसाच. तू आणि सायमी सुखरूप परत पोचलात हे वाचून जीव भांड्यात पडला.

हे पत्र तुला पाद्रीबाई वाचून दाखवणार, तेव्हा आधी त्यांना नमस्कार. बाई, पंधरवड्यातून एकदा तुम्ही अग्नेताच्या गावात जाता, आमच्या देशच्या म्हाताऱ्यांची विचारपूस करता, वर आमच्या घरच्या पत्रांचं ओझंही उचलता. देव तुमचं भलं करो. फक्त मी जिथं तिखट लिहीन तिथं साखर पेरू नका. आमची सायमी, हिची आई, लग्न करून स्वीडनला गेली. नवरा म्हणाला, घरात पोरीशी माझीच भाषा, स्वीडिशच बोलायची, आणि बया बोलली. आता मावशीला भाचीशी चार शब्द बोलायचे तर मध्ये परकं माणूस लागतं. त्याला मी तेव्हाच तोंडावर बोलले होते. असो, तो आता वर गेला, तिथं त्याला कुठली भाषा बोलावी लागते देव जाणे.

तर अग्नेता, तू एकच विचारलं आहेस. त्या संध्याकाळी अस्वलं बघायच्या लपणात आई काय बोलली? माझ्याविषयी काही बोलली का? आणि पुढं लिहिलं आहेस की ती मला ओळखतच नसेल, तर तिला इथल्या वृद्धाश्रमात मुक्यासारखी ठेवण्यापेक्षा तुझ्याकडेच ठेवते मावशी. तिथं निदान तिची भाषा बोलणारं कुणी आहे. सप्टेंबर संपायच्या आत काय ते कळव.

कळवते. जरा दम धर.

खोली तयार आहे. मागची, माझा नवरा पावो गेल्यापासून बंद होती ती. भिंतींना रंग दिला, पलंग शेगडीच्या बाजूला ओढला, पाय घसरू नये म्हणून जाड सतरंजी टाकली. सरपण यंदा दुप्पट सांगितलंय. दुकानदारीण म्हणाली, हिल्का, आता टपालाची गाडी बघत खिडकीत बसायची तुझी सवय मोडणार. मी म्हटलं, तू आपलं चीज काप.

पण खरं बोलली ती. सप्टेंबरअखेर पाहुण्यांना अस्वलं दाखवणारा रायमो आपल्या पाट्या उतरवतो, की पुढं वसंतापर्यंत टपालाची सोडली तर या रस्त्यावर गाडी येते ती बर्फ सारायची. शाळा बंद पडली, दूध गोळा करणारी गाडी बंद पडली. मी रेडिओशी भांडते. हवामान सांगणारी एक बाई आहे, तिला उलट उत्तरं देते. स्वयंपाक एकटीचा करायचा म्हणजे काय करायचं? एक पातेलं माशांचं सार तीन दिवस पुरतं आणि तिसऱ्या दिवशी त्याचा राग येतो. हे मी कुणाला सांगत नाही. पाद्रीबाईंना आता कळलंच.

आता तुमच्या त्या सहलीचं. तू आपल्या सख्ख्या मावशीच्या गावी आलीस तीही पाहुण्यांसारखी नाव नोंदवून! दोन रात्री, जेवणखाण, वाटाड्या, रानातली अस्वलं बघायची सोय. रायमो त्या आठवड्याच्या पाहुण्यांची नावं वाचत होता आणि मी त्याच्या स्वयंपाकघरात राय धान्याची भाकरी थापत होते. सायमीचं नाव ऐकलं आणि पीठ तसंच हाताला राहिलं. आईला गाव दाखवायचं होतं, पण मावशीच्या दारात नुसतं जाऊन उभं राहायची लाज वाटली, असं तू नंतर रायमोकडून कळवलंस. वेडी कुठली.

ती गाडीतून उतरली तेव्हा मी धावत गेले. तिनं माझ्याकडे असं बघितलं की ही कोण म्हातारी अंगाशी येते.  तू रायमोमार्फत मला सगळं सांगितलंस, डॉक्टरांचं म्हणणं, की शेवटी शिकलेली भाषा आधी जाते. स्वीडिश गेली, लहानपणची राहिली. ती बोलायची आणि तुला कळायचं नाही. मग तिनं बोलणंच टाकलं. तू हे सांगत होतीस आणि तिच्या कोटाची गुंडी लावत होतीस. ती काढायची, तू लावायचीस. साउनाच्या वाफेत मी तिची पाठ घासली. डाव्या खांद्याखालचा तो तीळ अजून तिथंच आहे. मी आपल्या भाषेत खूप बोलले, पण तिनं हूं की चूं केलं नाही.

लपणात बसायची माझी ती पहिलीच खेप. इतके उन्हाळे पाहुण्यांना डबे बांधून दिले, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. आयुष्यभर ज्याला चुकवून चाललो त्याला बघायला पैसे मोजून बसायचं, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही. पण रायमो म्हणाला, मावशी, तुझ्या बहिणीला आत भीती वाटली तर समजावणार कोण? म्हणून आले. त्याचे नियम तुलाही ठाऊक आहेत. अत्तर नाही, खोकला नाही, बोलणं तर मुळीच नाही. एक शब्द निघाला की रान रिकामं, असं त्याचं म्हणणं. ते लाकडी खोपटं, त्या फटीएवढ्या खिडक्या, आणि आपण सगळे मेलेल्यासारखे गप्प. त्या जर्मन नवराबायकोचा कॅमेरा म्हणजे नुसतं शेगडीचं धुराडं.

मग ती अस्वलीण आली. घरात बसून लिहितेय म्हणून नाव घेते, रानात कधी घ्यायची नाही, तिथं त्याला म्हातारबा म्हणायचं. दोन पिल्लं मागं. दलदलीच्या कडेनं आली आणि रायमोनं ओंडक्याखाली ठेवलेली माशांची डोकी उकरायला लागली. ऊन होतं अजून. जर्मन बाईनं श्वास रोखला तो मला ऐकू आला.

आणि महिनोन्महिने जिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता ती सायमी खिडकीशी वाकली आणि खणखणीत आवाजात बोलायला लागली.

तुला हे कळायचं काही कारण नाही, म्हणून सांगते. आम्ही दोघी लहानपणी गाई घेऊन रानात जायचो. आमच्या आईनं, एलीनं, शिकवलं होतं, रानातले म्हातारबा समोर आले तर पळायचं नाही, ओरडायचं नाही आणि गप्प तर मुळीच बसायचं नाही. गप्प बसतो तो चोर. रोजच्या आवाजात सांगायचं आपण कुणाच्या, कुठं निघालो, बरोबर कोण कोण आहे. एकेकाचं नाव घ्यायचं, गाईचंसुद्धा. ज्याचं नाव घ्यायचं राहिलं ते म्हातारबाचं झालं, असं आई म्हणायची. एकदा एका वासराचं नाव मी विसरले होते तर रात्रभर झोपले नाही.

सायमी म्हणाली, "आम्ही एलीच्या पोरी. मी सायमी. ही माझी धाकटी, हिल्का, हिला भिववू नकोस. गाई घेऊन घरी चाललोय. तुझं तू खा, आमची वाट सोड."

अग्नेता, मला धाकटी म्हणणारं या जगात कुणी उरलं नव्हतं गं. मी सदुसष्ट वर्षांची बाई, रुमालाआड तोंड लपवून रडले. मग तिनं गाईंची नावं घेतली. मान्सिक्की, हेलुना, मुस्तिक्की, आणि ती शिंगमोडी कुट्टीसुद्धा. एकही चुकली नाही. जर्मन श्श श्श करत होता, रायमोनं हात वर केला, तू लालबुंद होऊन आईचा दंड ओढत होतीस. अस्वलीण मागच्या पायांवर उभी राहिली, आमच्याकडे तोंड करून नाक वर केलं. मला वाटलं आता गेली. पण ती खाली बसली आणि पुन्हा मासे चघळायला लागली.  जर्मन मात्र जाताना माझा हात हातात घेऊन हलवत होता, कारण उभी राहिलेली अस्वलीण त्याला तेवढ्यात मिळाली होती.

बाहेर आल्यावर तू मला विचारलंस, ती काय म्हणाली? माझी स्वीडिश म्हणजे दुकानातल्या डब्यांवर आपल्या भाषेखाली छापलेली असते तेवढी. दूध, मीठ, पीठ, गाय. मी म्हणाले, गाय. गाई, गाई. तू मान हलवलीस आणि गाडीत जाऊन बसलीस. तर असं झालं. ती गाईंविषयी बोलली. म्हातारपणी असं होतं, मागचंच आठवतं. तू मनाला लावून घेऊ नकोस. तिला माझ्याकडे आणून सोड, मी सांभाळीन.

पत्र काल इथंच संपवलं होतं. सही केली, पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं. टपालाची गाडी आज सकाळी आली, ड्रायव्हरनं भोंगा वाजवला आणि मी खिडकीतून हातानंच त्याला जा म्हटलं. मग पाकीट वाफेवर धरून उघडलं. तेव्हा आता पुढचं लिहिते. बाई, इथं थांबू नका, एक शब्द गाळू नका.

गाईंची नावं झाल्यावर सायमी अडखळली. मागं वळून तिनं तुझ्याकडे बघितलं. तुझ्याकडे बोट केलं, तोंड उघडलं, पण नाव येईना. दोनदा, तीनदा प्रयत्न केला. मी तिचा चेहरा बघत होते. आमच्या आईचा तो नियम तुला मी आताच सांगितलाय. ज्याचं नाव घेतलं नाही ते त्याचं. ती घाबरली, अग्नेता. अस्वलाला घाबरली नाही, तुझं नाव येत नाही म्हणून घाबरली. तू तिचा दंड ओढत होतीस आणि तिनं तुझाच हात घट्ट धरून ठेवला होता. मग ती बाहेर बघून म्हणाली, "आणि ही. हिचं नाव मला आत्ता आठवत नाही. पण ही आमची आहे. हिच्याकडे बघायचं नाही. हिला घेतल्याशिवाय मी घरी जायची नाही."

असं म्हणाली ती. मी शेजारीच होते, मला स्वच्छ ऐकू आलं.

तुला मी का सांगितलं नाही? शब्द येत नव्हते हे खरं, पण रायमो तिथंच उभा होता. त्याला सांगितलं असतं तर त्यानं तुला सांगितलं असतं. मी सांगितलं नाही, कारण ती माझं नाव घेऊन बोलली होती, आणि मला तेवढं पुरत नव्हतं. मला ती हवी होती. टेबलाच्या पलीकडे बसलेली, न बोलणारी का होईना, हवी होती. तू उदास होऊन गाडीत बसलीस तेव्हा मला कळलं की हिला वाटतंय आई आपल्याला विसरली, आणि आता ही आईला सोडेल. मी तुला हात केला आणि घरात येऊन त्याच दिवशी खोलीचं दार उघडलं.

तुझ्या पत्राला उत्तर म्हणून मी नुसतं हो लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण ती इथं येऊन रोज कुणाला शोधील ते मला ठाऊक आहे. तुला घेतल्याशिवाय घरी जायची नाही म्हणाली ना? मग हे घर तिचं होणार नाही. तिला तुझ्याजवळच ठेव. तू म्हणशील मावशी तूच ये, तर मी तिकडे येऊन काय करू? तुझ्या दोन खोल्यांत अडचण करून डब्यांवरची भाषा बोलत बसू?

तू लिहिलं आहेस की संध्याकाळ झाली की ती दाराशी जाऊन उभी राहते, आत यायला तयार होत नाही, ओढलं तर मारते. ओढू नकोस गं. गाई परतायची वेळ असते ती. सगळे आले का ते ती बघत असते. तिच्या उजव्या बाजूला उभी राहा, डावा कान तिचा लहानपणापासून अधू आहे. आणि मी सांगते ते तीन शब्द म्हण. पाद्रीबाई तुला तुमच्या अक्षरांत लिहून देतील, त्यांच्याकडून नीट घोकून घे. काइक्की ऑन कोटोना. म्हणजे, सगळे घरी आले. हळू म्हण, घाई करू नकोस. ती येईल आत.

आधी ती एकेकाचं नाव घेऊन विचारील. तू प्रत्येक नावाला मान हलव. आणि हिल्का आली का, असं विचारलं, तरी मान हलव. धाकटी घरी आली म्हणून सांग.

तुझी मावशी,
हिल्का