तपासणीची बाटली

सोमवार, ३. सकाळी ६.
मुलगी पंधरा तारखेला रजा काढून बाळाला घेऊन येणार. नातवाला अजून फोटोतच पाहिलंय. पाळणा माळ्यावरून काढून ठेवलाय. इमारतीला बोअरचं पाणी आणि भिंतीपलीकडे रंगाचं गोदाम. रंगवाला म्हणतो, एक थेंब बाहेर जात नाही. असं स्वतःहून कोण सांगतं? पाणी लॅबमध्ये तपासून घ्यायचं ठरवलं. शास्त्रशुद्ध.

मंगळवार, ४.
लॅबवाल्या बाईंनी बाटली दिली. सूचना पुष्कळ. नळ दोन मिनिटं वाहू द्या, बाटली धुऊ नका, आत हात लावू नका. मी मान डोलावली.
घरी पाहतो तर तळाशी पांढरी पावडर. काय हा गलथानपणा! तीनदा साबणाने धुतली, चमच्याच्या दांड्याला टॉवेल गुंडाळून आतून पुसली, मग पाणी भरून दिली. ही म्हणाली, बाई नको म्हणाल्या होत्या ना? बाईंनी आत डोकावलं असतं तर म्हणाल्या नसत्या.

शुक्रवार, ७.
रिपोर्ट आला. जंतू सापडले, पाणी पिण्यास अयोग्य. मी म्हणत होतोच. रंगाचा उल्लेख नाही, पण लॅब लहान आहे.
रिपोर्ट जिन्यात चिकटवला. सेक्रेटरीने टाकी बंद करून टँकर मागवला. मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, मग मी सासरीच जाते." वेळेवर सावध केल्याचं समाधान वाटलं.

सोमवार, १०.
सगळे बादल्या घेऊन जिने चढतायत. सेक्रेटरीची पाठ धरली. माझ्याकडे पाहून कुणी बोलत नाही. आदर असावा. बुधवारी फेरतपासणीसाठी लॅबवाल्या बाई स्वतः नमुने घेणार. मार्गदर्शन करीन.

बुधवार, १२.
नमुन्यांपुरती टाकी उघडली. बाईंनी आमच्या घरच्या नळाचं तोंड जाळाने शेकलं, पाणी सोडलं, चार बाटल्या भरल्या, बर्फात ठेवल्या. पावडर तशीच. मी निदर्शनास आणलं.
"आजोबा, ती मुद्दाम असते. टाकीत टाकलेलं क्लोरीन मारते, नाहीतर रिपोर्ट चुकतो." मग विचारलं, मागच्या बाटलीतली कुठे गेली?
सेक्रेटरी शेजारीच उभा होता. म्हटलं, बाटली फक्त पुसली होती.
स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "कोणत्या टॉवेलने, तेही सांगा."

शनिवार, १५.
चारही नमुने शुद्ध. जिन्यात नवा रिपोर्ट लागलाय. खाली कुणीतरी पेनाने लिहिलंय : टॉवेल वगळून. अक्षर वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंचं वाटतं.
मुलीला लगेच फोन केला, पाणी अमृत आहे, ये. ती म्हणाली, सासरी पाहुणे बोलावलेत, आता निघता येणार नाही. मला वाटतं, चार दिवसांत येईल. आईबापांचा ओढा असतोच.

रविवार, ३०. दुपार.
तिची रजा आज संपली. पुढची सहा महिन्यांनी. व्हिडिओवर बाळ दाखवलं. मी हात हलवला, ते पंख्याकडे बघत होतं.
ही म्हणाली, पाळणा माळ्यावर ठेवून द्या. एकट्यानेच चढवला. जड नव्हता.