मामा, ते दात तुमचे नव्हते

तीर्थस्वरूप मामांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (कोपरापासूनचा नव्हे, खरा, एक गैरसमज झालाय तेवढा पुरे.) तुमची तब्येत, तुमचा गुडघा आणि गच्चीवरची एरियलची तार, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. आपण दर रविवारी सकाळी सात वाजता आपापल्या सेटवरून हॅम रेडिओवर भेटतो, त्यामुळे सोळा वर्षांत तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नव्हती. आता तीन रविवार झाले, मी हाका मारतोय आणि तुमच्या जागेवर नुसती खरखर. फोनही तुम्ही उचलत नाही. तुमचा राग काढायचा आणि आपला रविवार परत मिळवायचा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

तुम्ही कशावरून रुसलात ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी तुम्ही नव्या कवळीचं कौतुक सांगून जरा थांबलात आणि माझ्याकडून तुमच्या कानावर आलं, "बास करा आता, वीस वर्षं तेच दात, तेच दात. कोणाला पडलंय तुमच्या दातांचं?" शब्द माझेच, नाकारत नाही. पण मामा, ते दात तुमचे नव्हते. ते पलीकडच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांना उद्देशून होते, जे रेडिओवरही सतत दातांवरच बोलतात आणि ज्यांना आपण दोघं लाडाने भोंगा म्हणतो. ते तुम्हाला तिकडे ऐकू येत नाहीत, हे तुमचं भाग्य आणि माझं दुर्दैव.

आता सगळं मुळापासून सांगतो. माझा जुना बटणांचा रेडिओ जाऊन त्याच्या जागी काडेपेटीएवढी डबी आणि संगणक आला, तेव्हा तुम्ही बजावलं होतंत की ज्याला हाताने पिळता येत नाही त्याच्यावर विसंबू नकोस. मी विसंबलो. यात ऑटोमॅटिक गेन कंट्रोल नावाची सोय आहे (तुमच्या जुन्या सेटातही ती होती, पण गरीब स्वभावाची). मी ती तुमच्या भाचेसुनेला अर्धा तास समजावली. तिने भाजी निवडता निवडता एका वाक्यात निकाल लावला: "म्हणजे घरातली मधली सून. ओरडणाऱ्याला खाली बसवायचं, पुटपुटणाऱ्याला वर आणायचं, आणि बाहेरच्यांना वाटावं की घरात सगळे एकाच सुरात बोलतात."

गोम अशी की भोंगा रेडिओच्या पट्टीवर आपल्या अगदी शेजारच्या जागेवर बोलतो, आणि पलीकडच्या गल्लीतून त्याचा आवाज माझ्या डबीत थेट घुसतो. तो बोलला की मधली सून दचकते आणि सगळंच खाली ओढते, त्यात तुम्हीही जाता. तो थांबला की ती सावकाश, पदर सावरत, आवाज परत वर आणते. तोवर तुमचं "ओव्हर" झालेलं असतं. मग मी आपला अंदाजाने "अगदी बरोबर" म्हणतो. (मागे तुम्ही जिन्यावरून घसरल्याचं सांगितलंत, त्यावर मी "वा, अभिनंदन" म्हणालो होतो. त्याचीही माफी याच पत्रात उरकून घेतो.)

शेवटी त्या रविवारी मी ही सोय बंदच केली आणि गेन, म्हणजे आवाजाची पातळी, हाताने पार वर चढवला. तुम्ही कापसाच्या बोळ्यातून बोलल्यासारखे लागलात, पण लागलात. मी हेडफोन कानावर दाबून पुढे वाकलो, आणि नेमका त्याच क्षणी भोंगा बोलू लागला. आता मध्ये सून नव्हती. मामा, तो आवाज कानात शिरला नाही, आरपार गेला. मी खुर्चीसकट मागे कोसळलो, आणि पाय अडकला पेडलमध्ये. माझ्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या एका शिलाई मशीनचं ते बिनवारशी पेडल मी हौसेने बोलायच्या स्विचला जोडलंय, तुम्हीच त्याची तारीफ केली होतीत. ते दाबलं गेलं आणि जमिनीवर आडवा पडून मी भोंग्याला जे काही सुनावलं, ते सगळं तुमच्यापर्यंत सुखरूप पोहोचलं. इतकी वर्षं ज्या स्वच्छ प्रसारणासाठी धडपडलो ते असं साधलं.

तरी झालं गेलं विसरून येत्या रविवारी यावं ही विनंती. कळावे, लोभ असावा, नसल्यास निदान एरियल असावी.

तुमचा भाचा

ता. क. भोंग्यानेही ते ऐकलं. तो रागावला नाही, उलट दुकानात येऊन दिलगीर झाला आणि आता नऊ वाजता बोलतो. जाताना माझ्या तोंडात डोकावला. एक दाढ काढायची आहे म्हणे, गुरुवारी.

ता. क. २. म्हणजे मधल्या सुनेला परत कामावर घ्यायला हरकत नाही, पण मी घेतलेलं नाही. संगणक आपलं बोलणं साठवून ठेवतो, मूळ जसं आलं तसं. गेल्या दोन वर्षांचे रविवार मी ती सोय बंद ठेवून पुन्हा ऐकले. मामा, तुमचा आवाज खूप खाली गेलाय. मला तो आजवर सारखाच वाटला, कारण ही डबी तो उचलून धरत होती. आता एरियलला दोष देऊ नका. सुरुवातीला सेट जुळवताना तुम्ही जी शिट्टी सोडता ती आजही पहिल्याइतकीच जोरात येते. आणि दर रविवारी पहिली दहा मिनिटं आवाज अगदी दबलेला, मग हळूहळू मोकळा होतो. भाचेसुनेने ते ऐकलं आणि म्हणाली, "मामी गेल्यापासून आठवडाभर कोणाशी बोलत नसतील हो."

मी दोन वर्षं "अगदी बरोबर" म्हणत बसलो, याची लाज वाटते.

ता. क. ३. तेव्हा रविवारचं सोडा. उद्यापासून रोज सकाळी सातला मी सेटवर बसतोय, तुमची भाचेसून शेजारी बसणार आहे. राग गेला नसेल तर येऊन रोज तासभर रागवा.