उजवीकडे चढणारा प्रकाश

बुलढाणा, ९ डिसेंबर, सायंकाळ

नवे दिवे बसवले आणि लगेच उतरवले. यांनी हौसेने परदेशातून आणवलेल्या जुन्या गाडीसाठी मी मागवलेले दिवे रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहने चालणाऱ्या देशांसाठी घडवलेले निघाले. कुंपणाच्या भिंतीवर खडूने रेघ आखून पाहिले. प्रकाश रेघेच्या वर डावीकडे चढायला हवा, तो चढला उजवीकडे. म्हणजे राजूर घाटात समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत.

धाकटे दीर हसले. “वहिनी, उजेड पडून राह्यला ना? मंग काऊन अडून बसता? दिव्याच्या काचेवर काळी पट्टी चिकटवा. नाहीतर इका हे डबडं, अन् उद्या लग्नाले आमच्यासंगं एसटीनं चला.”

पट्टी! जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलेल्या बाईला!

“भाऊजी, मागवताना चूक माझी झाली. ती मी झाकणार नाही, परत पाठवणार.”

हट्ट दिव्यांचा आहे, की स्टिअरिंगमागच्या जागेचा? हे गेल्यापासून सगळ्यांना गाडी विकायची घाई. आज पट्टी मान्य केली, तर उद्या किल्लीही मागतील... हट्ट दोन्हींचा असेल. असू दे.

भिंतीवरची रेघ पुसलेली नाही. योग्य दिवे येईपर्यंत ती तशीच राहील. लग्न रात्रीचे आहे, म्हणून मी सकाळीच निघेन, लख्ख उन्हात घाट उतरेन आणि रात्री रोहिणखेडला लग्नघरीच मुक्काम करीन. भाऊजींची एसटी चुकलीच, तर माझ्या शेजारची जागा रिकामी आहे.