बिनतारीची जोडी

बाबा,

आज तुमची तिथी. तिकडे भावाकडे तुमच्या नावाचं पान वाढलं जाईल, कढी-वडे होतील, कावळा शिवला की सगळे म्हणतील, बाबा तृप्त झाले. मी इथे माझ्या घरी पूजा आटोपून, सहस्रनाम म्हणून, देवासमोरच बसले आहे. सरलेल्या कॅलेंडरची पानं मागून कोरी असतात, ती मी टाकत नाही. त्यांवर लिहिते आहे. तुमच्यासाठी नवा कागद काढावा असं वाटलं नाही. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली, आणि एकतीस वर्षं मी लोकांच्या तोंडून तुमचं कौतुक ऐकून मान डोलावत आले. "तुमच्या बाबासारखा डायवर आलापल्लीच्या जंगलात झाला नाई, बाई." हो म्हणते. खरंच आहे ते. रस्ता, नदी, आभाळ तुम्हाला वाचता यायचं. माझी तक्रार नेमकी तिथूनच सुरू होते.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षीचा जून. चांद्याला मावशीकडे राहून, तिची भांडी घासून मी शिकले होते, आणि नागपूरच्या शिक्षिकांच्या ट्रेनिंगला माझं नाव लागलं होतं. पत्रात सरळ लिहिलं होतं, ठरल्या तारखेच्या आत हजर व्हा, नाही तर जागा पुढच्या मुलीला जाईल. तुम्ही म्हणालात, ट्रक नागपूरला न्यायचाच आहे, तुलेही सोडतो. आईने पत्र्याची ट्रंक भरली. दोन पातळं, पोथी, चिवड्याचा डबा. ठरल्या तारखेला सहा दिवस उरले असताना पहाटे निघालो. आष्टीच्या घाटाला वैनगंगेच्या वाळूवर बांबूच्या तट्ट्या अंथरून रस्ता केलेला असायचा, पाऊस येण्याआधी तो उचलून घेत. आपण उतरलो तेव्हा मजूर कडेच्या जास्तीच्या तट्ट्या गुंडाळत होते. तुम्ही खिडकीतून ओरडून विचारलंत, "किती दिवस ठेवता बाकीच्या?" त्यांतला एक म्हणाला, "चार दिवस, भाऊ. पाच नाई." हे मी माझ्या कानाने ऐकलं आहे, आणि तुम्हीही ऐकलंत. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे तुम्ही जे बोललात ते या एका वाक्यापुढे उभं राहत नाही.

नागपुरात ट्रेनिंगच्या आधी तुम्हाला लष्कराचा जुना माल विकणाऱ्याकडे जायचं होतं. आपली गाडीही तिथलीच होती, लढाईतून उरलेली. तुम्हाला टायर पाहायचे होते. मी केबिनमध्येच बसले, पायाशी ट्रंक. बराच वेळ तुम्ही आलाच नाहीत, म्हणून मान काढून पाहिलं तर तुम्ही एका हिरव्या लोखंडी पेटीपुढे उकिडवे बसलेले. दुकानदार बटणं फिरवून दाखवत होता. "बिनतारी हाये, भाऊ. जोडी घ्या. एक गाडीत, एक घरी. तिकडे जंगलात चाक पंचर झालं का इकडे घरवालीले मालूम." तुम्ही हसलात. "घरवालीले मालूम न पडावं म्हणून तं जंगलात जातो रे!" तोही हसला. मग म्हणाला, "पण एक सांगतो. किताब अंग्रेजीत हाये. बिना किताबची ही पेटी म्हणजे सिरफ लोखंड. घरी कोणी वाचणारं हाये का?"

तेव्हा तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत. ती नजर मी विसरलेली नाही. आठवडी बाजारात बैलाचे दात पाहून झाल्यावर माणूस तशी नजर करतो. "हाये," तुम्ही म्हणालात.

दोन्ही पेट्या, चार जड बॅटऱ्या, तारेची भेंडोळी गाडीच्या मागे चढली आणि गाडी चांद्याच्या रस्त्याला लागली. मी म्हटलं, "बाबा, ट्रेनिंग तिकडे राह्यलं." तुम्ही म्हणालात, "आठ दिवस. मशीन लावून दे, मंग मीच आणून सोडतो. आठ दिवसानं काई तुह्या शाळेची भिंत पडत नाई." चार दिवसांत तट्ट्या उचलणार होते, बाबा. गाडी एकदा नदीच्या अलीकडे आली की पावसाळा सरेपर्यंत पलीकडे जाणार नव्हती. आणि तुम्हाला घाईही नव्हती. जंगल बंद झालं होतं, दसऱ्यापर्यंत कूपातलं, म्हणजे तोडीच्या पट्ट्यातलं, एक लाकूड हलणार नव्हतं, गाडी ताडपत्रीखाली उभी राहायची होती. पेटी लावायला तुमच्याजवळ चार महिने होते. माझ्याजवळ सहा दिवस होते. तुम्ही माझे घेतलेत.

अंगणात गाडी थांबली, मी ट्रंक घेऊन उतरले. आई चुलीपासून उठून आली. "पोरगी परत काऊन आली?" तुम्ही तिच्याकडे न पाहता म्हणालात, "काम हाये तिचं." तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. नदी आली. ठरलेली तारीख गेली तेव्हा मी तुमच्या पेटीचं झाकण उघडून धूळ पुसत होते.

ते पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. शाळेत आम्हाला विजेचा एक धडा होता, तेवढ्यावर. पेटीला बारा व्होल्ट लागत, आणि बॅटऱ्या सहा-सहाच्या. प्रत्येक पेटीला दोन, एकापुढे एक जोडायच्या, पहिलीचं अधिक टोक दुसरीच्या उण्याला. मी आकृती काढून दिली. तुम्ही ती पाहिलीही नाहीत. "अधिक उण्याले? अवं, सोयरीक करून राह्यली का? सारखं सारख्याले जोडत असते." तुम्ही अधिक अधिकाला लावलंत, पेटी मुकी राहिली, आणि आठवडाभर तुम्ही म्हणत राहिलात की पोरीनं पुस्तक चुकीचं वाचलं. मग अहेरीहून मिस्त्री आला. त्याने माझी आकृती पाहिली, तशीच जोडली, पेटीच्या काचेमागे दिवा लागला. तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत, चहा दिलात, वर रुपया दिलात. मला म्हणालात, "पाह्यलं? असं असते काम." मी तिथेच उभी होते, बाबा, हातात आकृती घेऊन.

दसऱ्याला गाडीची पूजा. पेटी केबिनच्या मागे फळीवर पक्की बसवली होती, तार ताडपत्रीच्या कमानीवरून नेली होती. हळद-कुंकू, झेंडूचा हार, इथवर मीच केलं. यंत्रालाही देव मानावं असं मला वाटतं, आजही वाटतं. पण नारळ मी म्हटलं चाकापुढे दगडावर फोडा. तुम्हाला तो पेटीच्याच लोखंडी कोपऱ्यावर फोडायचा होता. डायव्हर लोक बॉनेटच्या कड्यावर फोडतात, तसा. "लक्ष्मी तं आता ह्याच्यातून बोलणार हाये," तुम्ही म्हणालात, आणि फोडलात. पाणी झाकणाच्या जाळीतून आत गेलं. फुस्स झालं, जळका वास आला. जमलेल्या हमालांतला एक म्हणाला, "भाऊ, देवानं परसाद लवकर घेतला." सगळे हसले. तुम्ही मला थोबाडीत मारलीत. त्याला नाही, मला. म्हणे झाकण मी घट्ट लावलं नव्हतं. सतरा वर्षांची मी, सणाच्या दिवशी, तीस माणसांपुढे.

तीन दिवस मी त्या पेटीचे भाग सोडवून सुपात मांडले आणि चुलीच्या उबेजवळ ठेवले. गोड पाण्याला मुंग्या लागल्या, त्या पिसाने एक-एक झाडल्या. आतला एक काचेचा दिवा, पुस्तकात व्हॉल्व म्हटलेला, गेला होता, तो पेटीसोबत राखीव म्हणून आलेल्या डब्यातला घातला. नंतरची पेटी चालली ती माझ्या हाताने चालली. तुम्ही चावडीवर सांगितलंत, नारळानं काम केलं.

मग कूप सुरू झाले. तुम्ही पहिली खेप घेऊन गेलात, भामरागडच्या रस्त्याने दहा-बारा कोस आत. घरची पेटी माजघरात होती, तिची तार अंगणातल्या दोन बल्ल्यांना ताणलेली. दिवस कलला तशी मी पेटीच्या जाळीला कान लावून बसले. बराच वेळ नुसता पाण्यात भाजी पडावी तसा आवाज. आणि मग तुम्ही. "ऐकू येऊन राह्यलं का गे?" इतक्या आतून, साग, नाले, डोंगर ओलांडून, जसे शेजारच्या खोलीत. बोलणं संपलं की एक ठराविक शब्द म्हणायचा असतो असं पुस्तकात होतं, तो तुम्ही कधी म्हटला नाहीत, तुम्ही म्हणायचा, "बोल आता." मी म्हटलं, "येते, बाबा." आई मागे उभी होती, तिने पदर तोंडाला लावला.

लोक यायला लागले. ज्यांची माणसं कूपात कापणीला गेली होती त्या बाया संध्याकाळी ओसरीवर बसायच्या. एक माडिया बाई होती, पलीकडच्या टोल्यातली, म्हणजे पाड्यातली, तिला आपली भाषा थोडीच यायची. ती म्हणाली, "सांग त्याले. बकरी व्याली. दोन पिल्लं. एक काळं." मी सांगितलं. तिकडे तुम्ही ओरडलात, "अरे, तुह्या बकरीनं दोन देले! एक काळं हाये म्हणते!" आणि पेटीतून सगळ्या कूपाचं हसणं आलं, मागून कोणीतरी म्हणालं, "काळं कोणावर गेलं, विचार!" ती बाई पेटीच्या जाळीला हात लावून इतकी हसली की खाली बसली. गावात मला मशीनवाली बाई म्हणायला लागले.

परवाना लागतो हे पुस्तकाच्या पहिल्याच पानावर होतं, मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं. "जंगलात कोण पाह्यते?" तुम्ही म्हणालात. दुसऱ्या हंगामाच्या मध्यात पाहिलं. चौकशीला साहेब आले, सोबत पोलीस. ओसरीवर खुर्ची टाकली. परवाना कुठे, विचारलं. तुम्ही, ज्यांना आख्खं जंगल भाऊ म्हणायचं, हात जोडून उभे राहिलात आणि म्हणालात, "साहेब, मले तं वाचताही येत नाई. पोरीले नाद हाये. तिनंच लावलं." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. दारात आई होती, बाया होत्या. मी मान खाली घातली. पेट्या जमा झाल्या, तुम्हाला ताकीद देऊन सोडलं, आणि वैशाखात माझं लग्न ठरलं, कारण पोलिसांपुढे नाव गेलेली मुलगी घरात ठेवणं बरं दिसत नव्हतं. ट्रेनिंगची वयाची अट तोवर उलटलीही नव्हती. पण सासरी तो विषयच नव्हता.

इतकी वर्षं हे मी असंच सांगत आले आहे. माझ्या मुलींना सांगितलं, जावयांना सांगितलं: माझे बाबा मला ट्रेनिंगच्या दारातून परत घेऊन आले, वर्ष गेलं, आणि पुन्हा कधी त्यांनी नावही काढलं नाही. मुली चिडतात. धाकटी तर तुमच्या फोटोला हार घालत नाही. मी तिला रागावत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कोणी वाचायचं नाही, आणि मी देवासमोर बसले आहे. म्हणून लिहिते. तुम्ही माझे सहा दिवस घेतलेत, मला मारलंत, साहेबांपुढे मला पुढे केलंत, आणि यातलं काहीही मी सोडलेलं नाही. पण पहिला हंगाम सरला तेव्हा, पाऊस अजून लांब असताना, तुम्ही अंगणात बॉनेट उघडून उभे होतात. माझ्याकडे न पाहता म्हणालात, "औंदा जातं का नागपूरले? सोडतो म्हटलं."  मी म्हणाले, "मशीनवर कोण बसन?" तुम्ही "हं" म्हणालात, बॉनेट पाडलंत, हात पुसलेत.

आईने त्या संध्याकाळी मला विचारलं, तुह्या शाळेचं काई बोलले का? मी म्हटलं, नाही. विचारलंच नाही त्यांनी. आई महिनाभर तुमच्याशी बोलली नाही, तुमचं ताट आदळून ठेवायची. तुम्ही ते ताट ओढून घ्यायचा आणि जेवायचा, आणि तिला कधी सांगितलं नाहीत.