आधीच नोंदलेली

३ मार्च
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी जाम खूश! उल्हासनगर कॅम्प चारमध्ये, जीन्सच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. खाली शिलाई मशिनं सुरू झाली की टेबलावरचा चहा थरथरतो. मालक हरेशसर तोंडाने फटकळ, पण आल्या आल्या त्यांनी दाल-पकवान खाऊ घातलं. शेजारी बसणारी हिमानी मला ऋताऐवजी ‘ऋतू’ म्हणायलाही लागली. बदलापुरात मीनलकाकूंकडे खोली मिळाली. साताऱ्याला आईला फोन करून सगळं सांगितलं.

काम सोपं आहे. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीला कामगार-नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म हवाय. कुणी ईमेल टाकला की तो आधी नोंदलाय का, ते तपासायचं. नसेल तर हिरवी खूण, असेल तर लाल अक्षरांत सूचना.

५ मार्च
तपासणी लिहून झाली. डेटाबेस अजून रिकामा, म्हणजे काहीही टाकलं तरी हिरवंच यायला हवं. हिमानीचा ईमेल टाकला, हिरवं. सरांचा, हिरवं. माझा टाकला आणि लाल अक्षरं आली : ‘हा ईमेल आधीच नोंदलेला आहे.’

डेटाबेस उघडला. एकही नोंद नाही. हिमानी म्हणाली, जुनं काहीतरी अडकलं असेल, पुसून टाक. पुसलं. पुन्हा लाल.

७ मार्च
जेवणाच्या सुट्टीत नवा ईमेल काढला, कुणालाही न सांगता. लाल. कोड पहिल्यापासून लिहिला. लाल.

हरेशसर सगळ्यांसमोर ओरडले, “एक फॉर्म चालवता येत नाय तुला? इंजिनियर कोणी केली?” हिमानी मान खाली घालून बसली. काल माझ्या डब्यातली भाजी मागून खात होती.

१० मार्च
फॉर्म दाखवायला अंबरनाथच्या कंपनीत गेले. प्रमोद नावाच्या वॉचमनने गेटवरच अडवलं. ऋता मॅडम आत्ताच आत गेल्या, म्हणाला. मी ओळखपत्र दाखवलं. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं आणि काठी आडवी धरली.

“नाटक नको. या फोटोतल्या मॅडम आत हायत.”

परतताना रिक्षात हिमानीचा मेसेज आला. तू मस्त समजावलंस म्हणे, सर खूश आहेत.

११ मार्च
माझ्या खुर्चीत ती बसली होती. माझा निळा कुर्ता, माझी वेणी, माझा चेहरा. एकदा वर पाहिलं आणि टाइप करत राहिली.

मी किंचाळले. हिमानीने दंड धरून मला जिन्यापर्यंत ढकलत नेलं. “ऋतूला त्रास दिलास तर पोलिसांना बोलवीन.” तिची नखं रुतली. तिने मला ओळखलंच —

१२ मार्च
आईला फोन केला. कोण बोलतंय, म्हणाली. आई, मी. तर म्हणते —

“ऋताने सांगितलं होतं, तू फोन करशील. माझ्या मुलीचा नाद सोड.”

आईने. आईने ठेवला.

१३ मार्च
काकूंनी आतून कडी लावली. ऋता झोपलीय, निघ इथून. जिन्यात बसलेय. बाहेर अजून ऊन आहे. लोक मला ओलांडून जातात, बघत नाहीत —

आत कुणी खोकलं. माझाच खोकला.

पावलं —

कडी निघाली. तीच. एकटी. हात पुढे केलाय. वही मागतेय. म्हणते, आजचं ती लिहि